सायलस कोण होता?

इरा आणि नील,

तुमची आई फोनवर सांगत होती की नीलने वर्गात उभं राहून सांगितलं, "माझ्या आजोबांनी अमेरिकेतला एक हरवलेला बेसबॉल खेळाडू शोधून काढला." वर्गाने टाळ्या वाजवल्या म्हणे. टाळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण गोष्ट तशी नाही, आणि पुण्यात ती तशीच पक्की होण्याआधी मला ती नीट लिहून काढायची आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही इथून, ओहायोमधून, गेलात तेव्हा इरा मराठी अक्षरं लावत लावत वाचायची. आता दोघंही सरळ वाचता, म्हणून मराठीत लिहिते. अडलं तर आईला विचारा.

एक अडचण आधीच सांगते. आजोबांबद्दल तुमच्याशी बोलायला लागले की थोड्या वेळाने मी त्यांच्याशीच वाद घालत असते. म्हणून यापुढचं त्यांनाच उद्देशून लिहिते आहे. तुम्ही शेजारी बसून ऐका.

अहो,

तुमचा सगळा जन्म पुलांवर संशय घेण्यात गेला आणि माझा माणसांवर. हातोडीने काँक्रीटवर टकटक करत, कान लावून, आतून पोकळ कुठे आहे ते तुम्ही सांगायचात. राज्याच्या रस्ते खात्यात तुमच्या कानाला मान होता. पण घरी आलेला गालिचेवाला जे सांगेल ते तुम्हाला खरं वाटायचं. मी म्हणायचे, त्यालाही एकदा हातोडीने वाजवून बघा. तुम्ही म्हणायचात, "सुधा, माणूस पोकळ असला तरी कोसळत नाही. असू दे."

निवृत्तीनंतर पहिल्या वर्षी तुम्ही तुमच्या घराण्याचा कुलवृत्तांत पुरा केलात. दापोलीपासून डब्लिनपर्यंत. आमचं हे डब्लिन आयर्लंडमधलं नाही, कोलंबसच्या कडेचं, हे त्यातल्या प्रत्येक चुलतभावाला तुम्हाला वेगळं कळवावं लागलं. कुलवृत्तांताची तुमची पद्धत सोपी होती. माणसाचं मधलं नाव म्हणजे जिन्याची पायरी. वसंत गोविंद, म्हणजे वर गोविंद. गोविंद महादेव, म्हणजे त्याच्या वर महादेव. पायरीवर पाय ठेवत तुम्ही नऊ पिढ्या चढून गेलात आणि एकदाही घसरला नाहीत. ती वही छापून झाली तेव्हा तुम्हाला करायला काही उरलं नाही. मग तुम्हाला पेनरी भेटला.

लायब्ररीत जुन्या बेसबॉलचा अभ्यास करणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक गट जमायचा. व्यावसायिक बेसबॉल नुकताच सुरू झाला होता त्या, एकोणिसाव्या शतकातल्या, काळातले खेळाडू हे लोक हुडकत. त्यातल्या कित्येकांचं वर्तमानपत्रात फक्त आडनाव छापलेलं असे. पहिलं नाव नाही, गाव नाही, कुठे जन्मला, कुठे मेला, काही नाही. गटाने प्रत्येकाला एकेक आडनाव वाटून दिलं. तुमच्या वाट्याला पेनरी आला. आपल्याच भागातल्या एका संघात एका उन्हाळ्यापुरता पगारावर ठेवलेला कॅचर.

त्या रात्री जेवताना तुम्ही मला कॅचर समजावून सांगितलात. "विकेटकीपरच, पण हातमोजे नाहीत. छातीला काही नाही, तोंडाला काही नाही. नुसता हात." तुम्ही कॉलेजात विकेटकीपर होतात. तुमच्या उजव्या हाताची करंगळी आयुष्यभर वाकडीच राहिली. ती तुम्ही माझ्यापुढे नाचवलीत. वर्तमानपत्रात पेनरीबद्दल सापडलं ते एवढंच: एका सामन्यात त्याचं बोट मोडलं, ते शेजारच्या बोटाला चिंधीने बांधून तो पुन्हा उभा राहिला, पुढच्या आठवड्यात त्याच्या हातून चेंडू निसटू लागले, आणि ऑगस्टमध्ये संघाने त्याला सोडून दिलं. पुढे काही नाही. "एवढं खेळला आणि त्याला पहिलं नावसुद्धा नाही," असं तुम्ही म्हणालात. तुमच्या आवाजावरून मी ओळखलं, आता हा माणूस आपल्या घरी राहायला येणार.

आला. चार वर्षं राहिला.

उत्तरेकडच्या एका लहान गावाच्या सिमेट्रीत एका बिनदगडाच्या कबरीची नोंद तुम्हाला मिळाली. जॉन सायलस पेनरी, मजूर. त्या उन्हाळ्यात तो विशीत असणार, एवढं जुळत होतं. तुम्ही आनंदाने गाडी घेऊन निघालात. दुपारी मला डोरोथी नावाच्या कुठल्याशा बाईच्या घरून तुमचा फोन आला, सगळं ठीक आहे, उशीर होईल, आणि पाठीमागे बाईच्या हसण्याचा आवाज. माझ्या मनात काय आलं ते मी तेव्हाही सांगितलं नाही, आता नातवंडं ऐकताहेत म्हणूनही सांगत नाही.

झालं होतं ते असं. गळ्यात कॅमेरा, हातात टेप घेऊन एक सावळा माणूस कबरींमधली अंतरं मोजतोय हे कोणीतरी पाहिलं आणि शेरीफच्या ऑफिसला, म्हणजे तिथल्या पोलिसांना, कळवलं. ते दिवसच तसे होते. तुम्ही नोकरीत असताना, राज्याचं ओळखपत्र छातीवर लावून पुलाखाली उभे असतानासुद्धा तुम्हाला दोनदा हटकलं होतं. इथे तर ओळखपत्रही नव्हतं. तरुण डेप्युटी आला. तुम्ही त्याला बेसबॉल, कॅचर, मोडलेलं बोट, असं सगळं सांगत होतात आणि तो तुम्हाला हात खिशाबाहेर ठेवायला सांगत होता. तेवढ्यात समोरच्या घरातली ऐंशीच्या घरातली बाई बागकामाचे बूट घालून फाटकाशी आली. तिने विचारलं काय चाललंय. तुम्ही म्हणालात, पेनरींना शोधतोय. ती म्हणाली, "मी डोरोथी पेनरी. हा माझा पाहुणा आहे. तू जा रे, तुझ्या आजीला मी ओळखते."

डेप्युटी गेला आणि तुम्ही तिच्या घरी गेलात.

तिच्या पणजोबांचं नाव सायलस. सायलस पेनरी, लाकडी पिंपं बनवणारा. त्याच्या कारखान्यामागच्या माळावर जुन्या काळी बेसबॉल खेळत. आणि घरात एक ऐकीव गोष्ट होती, 'आपल्यातला एकजण पैशांसाठी चेंडू खेळायचा.' तुम्हाला आणखी काय हवं होतं? जॉन सायलस, म्हणजे सायलसचा मुलगा जॉन. घर मैदानाला लागून. घरात खेळाडूची आठवण. पायरीवर पाय ठेवलात आणि चढलात.

मग दर बुधवार डोरोथीचा. सुरुवातीला तुम्ही एकटे जात होतात, मग मी यायला लागले. का, ते तुम्हाला कळलं होतं. पहिल्या भेटीत तिचे सांधेदुखीने सुजलेले घोटे पाहून माझा एक संशय फिटला आणि दुसरा सुरू झाला. तुम्ही या बुधवारी जे विचाराल ते तिला पुढच्या बुधवारी आठवायचं. तुम्ही म्हणालात, त्या काळच्या कॅचरची बोटं वाकडी असत. पुढच्या आठवड्यात चहा ओतताना ती म्हणाली, हो, जॉनची बोटं वाकडी होती असं आमची आत्या सांगायची. तुम्ही म्हणालात, तो ऑगस्टमध्ये परत आला असणार. पुढच्या आठवड्यात तो ऑगस्टमध्ये परत आलेला होता, तोही दमून, बूट हातात घेऊन.

गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "अहो, ही बाई तुमचंच तुम्हाला परत वाढते आहे. नुसती फोडणी तिची."

तुम्ही गाडी सुरू केलीत. आरसा नीट करत म्हणालात, "ती ऐंशी वर्षांची आहे. हळूहळू आठवतं."

"नेमकं तुम्ही विचारल्यावर?"

"मग केव्हा आठवणार? तिला आजवर कोणी विचारलं होतं?"

मी तिच्या केकमध्ये साखर फार असते असं काहीतरी म्हणाले. आपले मोठे वाद नेहमी असेच साखरेवर येऊन थांबायचे. फक्त एकदा तुम्ही चिडलात. मी म्हणाले होते, डोरोथीला तिच्या आडनावाला एक दगड हवा आहे, बाकी काही नाही. तुम्ही गाडी रस्त्याच्या कडेला घेतलीत, शेताच्या कुंपणापाशी. "सुधा, त्या दिवशी त्या पोरासमोर मी काय बोलत होतो ते तिला माहीत नव्हतं. मी कोण ते माहीत नव्हतं. तरी ती म्हणाली, माझा पाहुणा आहे. आता मी तिला प्रत्येक वाक्याचा पुरावा मागू?"

मी मनातल्या मनात म्हटलं, हो, मागा. उपकार वेगळे आणि पुरावा वेगळा. पुलाच्या ठेकेदाराने तुम्हाला जेवू घातलं म्हणून तुम्ही हातोडी खिशात ठेवली असती का?

गटाने तुमचा शोध मान्य केला. रे म्हणून गटाचे चिटणीस आहेत, निवृत्त शिक्षक, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी कबरीवर दगड बसवायचं ठरवलं. नाव, सालं आणि खाली 'व्यावसायिक बेसबॉल खेळाडू'. शोध तुमचा, म्हणून मजकुराला शेवटची संमती तुमची. मागच्या वसंतात दगड कोरायला जायचा होता.

आता मी ज्याला तेव्हा पुरावा म्हटलं नाही, तो मांडते. मे महिन्यात तुम्ही रे यांना फोन करून सांगितलंत, दगड थोडा थांबवा, जमीन फार ओली आहे. जमीन ओली नव्हती. मला आठवतं, कारण बागेतल्या टोमॅटोच्या रोपांना मी पाइपने पाणी देत होते. जूनमध्ये तुम्ही 'आपला खेळाडू' म्हणायचं सोडलंत आणि 'आपला जॉन' म्हणायला लागलात. आणि जुलैत परत येताना मी सवयीने म्हणाले, डोरोथीच्या आठवणींवर फार विसंबू नका, तर तुम्ही म्हणालात, "खरं आहे तुझं." तुम्ही माझ्याशी सहमत झालात आणि मला संशय आला नाही. एवढी एकच जागा माझ्या नजरेतून सुटली. मला वाटलं तुम्ही थकला आहात. थकलेही होतात. सप्टेंबरमध्ये डॉक्टरांनी कारण सांगितलं.

हॉस्पिटलमधली ती उंच नर्स तुम्हाला आठवते? मनगटाच्या पट्टीवर नाव वाचून ती दोन दिवस तुम्हाला 'गोविंद' म्हणत होती. तुम्ही मुकाट ओ देत होतात. मला राहवलं नाही. मी म्हटलं, गोविंद हे माझ्या सासऱ्यांचं नाव. तिला गंमत वाटली. म्हणाली, आमच्याकडे पुष्कळ पुरुष मधल्या नावानेच ओळखले जातात. माझ्या बाबांचं मधलं नाव त्यांच्या आजीच्या माहेरचं आडनाव होतं. माझ्या भावाचं, त्याच्या वेळी आईचं बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरचं. वडिलांचं नाव मुलाला मधे लावायचं असा काही नेम नाही.

मी इंग्रजी शाळेत शिकले, कॉलेजात इंग्रजी शिकवलं, इतकी वर्षं या देशात काढली, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण सायलसला आणि ते माहीत असण्याला मी कधी एकत्र बसवलं नव्हतं. त्या खोलीत ते एकत्र बसले. सायलस हे जॉनच्या वडिलांचं नाव असेलच असं नाही. मग तो डोरोथीच्या घरातला असेलच असंही नाही. मग तिच्या घरातली गोष्ट त्या कबरीची नाही. मग सगळा जिनाच हवेत.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडेच पाहत होतात. मग तुम्ही डोळे मिटले. मला वाटलं, गोळीने झोप आली. मी ठरवलं, आता हे सांगायचं नाही. या माणसाकडून पेनरी काढून घ्यायचा नाही. त्यानंतरचे सगळे दिवस मी तुमच्या उशाशी बसून, तुमच्यापासून काहीतरी लपवते आहे या भावनेने, तुम्हाला मोसंबीचा रस देत होते. लपवाछपवी मला जमत नाही. तुम्हाला जमते हे मला ठाऊक नव्हतं.

तुम्ही नोव्हेंबरात गेलात. हिवाळाभर रे काही बोलले नाहीत. मार्चमध्ये त्यांनी फोन केला. दगडवाला विचारतोय, वसंत नाहीत, तर संमती तुम्ही द्याल का? आम्हाला त्यांचं नावही दगडाच्या पाठीमागे घालायचं आहे, शोधकर्ता म्हणून.

विचार करून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. मुग्धाला पुण्याला फोन लावला. ती म्हणाली, "आई, प्लीज, या वेळेला तरी डिटेक्टिव्हगिरी नको. बाबांचं नाव येतंय ना, येऊ दे. हू इज इट हर्टिंग?" तिचं म्हणणं मला कळत होतं. मलाही तुमचं नाव कुठेतरी कोरलेलं हवं होतं. तुमच्या राखेचं तर आम्ही नदीत विसर्जन केलं. इथे तुमच्या नावाची जागाच नाही. पण दुसऱ्या कोणाच्या छातीवर, खोट्या वाक्याच्या पाठीमागे?

बुधवारी मी एकटी गाडी घेऊन डोरोथीकडे गेले. हायवेला मी कधी चालवत नाही. डावीकडून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकवर माझा संशय होता. ती दारातच उभी होती. मी बसायच्या आधीच विचारलं. सायलसला जॉन नावाचा मुलगा होता का?

तिने मला खुर्ची दिली. म्हणाली, नव्हता. सायलसला मुली आणि एकच मुलगा, माझे आजोबा, त्यांचं नाव वॉल्टर.

मी म्हटलं, मग इतकी वर्षं?

ती म्हणाली, "तुमचे मिस्टर इतके शिकलेले, इतके कागद घेऊन आले. मला वाटलं आमच्याच घरच्यांना एक मुलगा सांगायचा राहून गेला असेल. गरीब घरात राहून जातात. मग मला काय काय आठवायला लागलं. आणि ते मला विचारत राहिले, जॉनबद्दल लोक काय सांगायचे? जॉन होता का, हे कधीच विचारलं नाही. विचारलं ते मागच्या मे महिन्यात."

म्हणजे तुम्ही तिच्या आठवणीवर भरवसा ठेवलात, तिने तुमच्या कागदांवर, आणि दोघांनी मिळून एका घरात एक मुलगा वाढवलात, वाकड्या बोटांसकट. मला हसू आलं. मग नाही आलं.

"त्यांना काय वाटलं?" मी विचारलं.

"केक संपवला. मग म्हणाले, हे सुधाला सांगू नका. ती बरोबर निघाली हे कळलं तर पुढची वीस वर्षं मला ऐकून घ्यावं लागेल."

वीस वर्षं कुठली, अहो. पुढचा हिवाळासुद्धा नव्हता.

डोरोथीचं म्हणणं, तुम्ही गटाला स्वतःच सांगणार होतात. खरा पेनरी कोणत्या गावचा याचा काही धागा मिळतो का बघायचं आणि मग सांगायचं. उन्हाळाभर तुम्ही दोघं तेच करत होतात, मी स्वयंपाकघरात तिची भांडी पुसत असताना. मला यावर पूर्ण विश्वास नाही, हे मी तुम्हाला तोंडावर सांगते आहे. सांगणार होतात की टाळत होतात? तिच्यासाठी टाळत होतात, माझ्यासाठी, की करंगळीसाठी? मी हातोडी घेऊन सगळीकडून वाजवून पाहिलं. कुठे भरीव वाजतं, कुठे पोकळ. तुम्ही असतात तर आवाज ऐकून सांगितलं असतं.

आणि नर्स बोलत होती तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहत होतात ते का, हेही आता मला कळतं. माझ्या चेहऱ्यावर काय आलं ते तुम्ही वाचलंत. तुम्हाला कळलं की मला कळलं. आणि मी बोलले नाही. मग जे शेवटचे दिवस आपण दोघांनी गप्प राहून काढले, ते एकमेकांना सांभाळत काढले. चार दशकांच्या संसारात मी जिंकलेला सगळ्यात मोठा वाद मी बोलून दाखवला नाही आणि तुम्ही मला तो न बोलता जिंकू दिलात. यासाठी तुमचे आभार मानायचे राहिले आहेत. मानते.

रे घरी आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. तुमची चूक, ती कशी झाली, तुम्हाला ती केव्हा कळली. मे महिनाही सांगितला. त्यांनी बरोबर आणलेला दगडाच्या मजकुराचा कागद टेबलावर उघडला. मग हळूच म्हणाले, "सुधा, गटातल्या लोकांना त्यांचं नाव तिथे हवं आहे. आणि आता कोणी तपासायला येणार नाही."

मी म्हटलं, "पूल पडेपर्यंत असंच म्हणतात, असं ते सांगायचे."

त्यांनी मान हलवली आणि मजकुराचा कागद घडी करून खिशात ठेवला. जाताना दारात थांबून विचारलं, मग त्या कबरीचं काय करायचं? खेळाडू नव्हता तर गटाने दगड का द्यावा, असं काहीजण म्हणतील. मी म्हटलं, मेलेला तर आहे ना. डोरोथीलाही हेच विचारलं तेव्हा ती म्हणाली, इतकी वर्षं मी त्याच्याबद्दल नको नको ते आठवलं, निदान नाव तरी त्याचं त्याला द्या.

गटातले दोघं रागावून येईनासे झाले. बाकीच्यांनी दिला. गेल्या आठवड्यात आम्ही बसवताना गेलो होतो. तुमचं नाव त्यावर नाही.

इरा, नील, तर वर्गात पुन्हा विचारलं तर एवढं सांगा. त्या गावच्या सिमेट्रीत उत्तरेच्या कुंपणाशी एक बुटका करडा दगड आहे. त्यावर जॉन सायलस पेनरी असं लिहिलं आहे आणि दुसरं काही नाही. चिंधीने बोट बांधून उभा राहिलेला पेनरी कोण होता, हे अजून कोणाला माहीत नाही.